वाय-तीनच्या डब्यातली काळी तार

नागपुरात माझं नाव झालं ते लेबलांमुळे. तारा जोडणारे पुष्कळ आहेत हो, एका गल्लीत दहा मिळतील. पण जोडलेली तार कुठून आली आणि कुठं चालली, हे तारेवर लिहून ठेवणारे बोटावर मोजण्याइतके. मी लिहिते. पांढऱ्या प्लास्टिकच्या नळीचे बारीक तुकडे करायचे, पक्क्या शाईच्या पेनानं त्यावर नंबर घालायचा आणि जोड करण्याआधी तो तुकडा तारेत ओवायचा. दिवसाचं काम आटोपलं की रंगाची रिकामी बादली उपडी घालून तिच्यावर बसायचं आणि दुसऱ्या दिवशीचे तुकडे लिहून ठेवायचे, ही माझी सव्वीस वर्षांची सवय. सोबतचे चिडवतात, "ताई परीक्षेले बसून राहिली." चिडवा ना! पाच वर्षांनी दिवा बंद पडतो तेव्हा हेच लोक फोन करून विचारतात, ताई, हे तुम्हीच केलेलं काम आहे ना, मग लवकर होईल.

ही फुशारकी आधीच मारून घेतली, कारण पुढचं सांगताना मान वर करता येणार नाही.

ऑफिसात, दुकानात तीन फेज येतात. लाल, पिवळी, निळी. आम्ही आर, वाय, बी म्हणतो. दिव्यांच्या लाइनी या तिघींत वाटून द्यायच्या, म्हणजे एकीवरच भार पडत नाही. पिवळ्या फेजवरची तिसरी लाइन म्हणजे वाय-तीन, निळ्यावरची दुसरी म्हणजे बी-दोन. मजल्याच्या सगळ्या लाइनी भिंतीतल्या ज्या पेटीतून फुटतात ती डीबी. तिच्यातला वाय-तीनचा एमसीबी, म्हणजे तो छोटा खटका, खाली पाडला की ती लाइन मेली. हिरवी तार अर्थिंगची. आणि काळी न्यूट्रल, परतीची. रंगीत तारेनं वीज दिव्यापर्यंत जाते, काळीनं परत येते. रंगीत तार स्वतःच आपलं घर सांगते. काळी काही सांगत नाही; कोणत्याही लाइनीची असो, दिसायला सारखीच. म्हणून लेबलाची खरी गरज तिला.

न्यूट्रलची भानगड मी लोकांना मोरीवरून समजावते. दोन घरांचं सांडपाणी एकाच मोरीतून जात असेल, तर आपण आपला नळ बंद केला म्हणून मोरी कोरडी राहत नाही. शेजारचं पाणी वाहतच असतं. तसंच इथं. बी-दोनच्या दिव्यांना परतीची तार वाय-तीनच्या काळीतून दिली, तर वाय-तीनचा एमसीबी पाडून काही उपयोग नाही. पिवळी तार मरते, पण काळीतून बी-दोनची वीज जातच राहते. जोड जागेवर आहे तोवर टेस्टरचा दिवाही लागत नाही. जोड सोडला, सुटलेलं टोक हातात धरलं, की मग कळतं. याला आमच्यात उसना न्यूट्रल म्हणतात. असा न्यूट्रल घेणाऱ्यांना मी आजवर चारचौघांत झापलं आहे. भैताड म्हटलं आहे, तोंडावर.

आणि रामदासपेठेत मी स्वतः तो घेतला.

एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर एका खासगी कंपनीचं ऑफिस होत होतं. सगळी लायटिंग माझी. काम मनासारखं झालं होतं. उद्घाटनाच्या सकाळी साहेबांना वाटलं, रिसेप्शनच्या मागच्या भिंतीवर कंपनीचं नाव आहे, तिथं अजून चार दिवे हवेत. आत्ता. पूजा अकराला. निळी तार बी-दोनवरून आणली, ती कशीबशी आली. काळी काही येईना. पाइप गच्च भरला होता, ओढायची स्प्रिंग मध्येच अडकली. पुढं ढकलली तर जात नव्हती, मागं ओढली तर येत नव्हती. वरच्या छतात हातभर अंतरावर वाय-तीनचा डबा होता, म्हणजे तिच्या तारांचे जोड ठेवायची पेटी. त्यात काळी तार होती. गुरुजी सामान मांडून बसले होते, कुणीतरी खालून ओरडलं, "मॅडम, झालं का? झाडू मारायचा आहे." मी चारही दिव्यांची काळी वाय-तीनच्या काळीला जोडली, डब्याला झाकण लावलं आणि खाली उतरले.

डब्यावर आधीचं लेबल होतंच, माझ्या अक्षरात, वाय-तीन. त्या जोडावर "बी-दोनचा न्यूट्रल इथं आहे" असा एक तुकडा ओवायला हवा होता. दोन मिनिटांचं काम. उद्या येऊन वेगळी काळी टाकीन, मग लेबल कशाला, असं मनाशी म्हटलं. पूजेचा पेढा खाल्ला आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी दुसरीकडं काम लागलं. मग तिसरीकडं. मग ते डोक्यातून गेलं, अगदी स्वच्छ गेलं.

त्या इमारतीची देखभाल एक काका बघायचे. साठीला आलेले, कुहीच्या पुढच्या गावचे. घरी धानशेतीच्या दोन बांध्या, त्या भाऊ बघायचा. काका सकाळच्या पहिल्या बसनं नागपूरला येत. बिल्डिंगमधला दिवा, पंखा, पंप, सगळं त्यांच्याकडं. माझं काम चालू होतं तेव्हा जेवायच्या सुट्टीत येऊन माझ्या डीबीसमोर उभे राहायचे, हात मागं बांधून, एकेक लेबल मोठ्यानं वाचायचे. "वा वं पोरी. आंधळ्यालेबी दिसन असं लिवलं तू." मला पोरी म्हणणारे आता फार उरले नाहीत. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

सात-आठ महिन्यांनी ऑफिसच्या मॅनेजरचा फोन आला. "मॅडम, काका घोड्यावरून पडले. शॉक लागला. दवाखान्यात नेलंय. इकडं अर्धा हॉल बंद आहे, तुम्ही या." घोडा म्हणजे आमची दोन्ही बाजूंनी पाय असलेली शिडी. मी गाडी काढली. वाटेत एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही की हे माझं असेल. शपथ. काका कुठं चुकले असतील, याचाच विचार करत गेले.

रिसेप्शनवरच्या मुलीनं सांगितलं ते असं. पॅसेजमधला दिवा फडफडत होता. काका डीबीकडं गेले, मग घोडा लावून वर चढले, छताची पाटी सरकवली. थोड्या वेळानं भिंतीवरचे चार दिवे गेले, काका किंचाळले आणि खाली आले. वॉचमन धावला आणि घाबरून त्यानं डीबीतले सगळेच्या सगळे एमसीबी खाली पाडले. त्यामुळं त्यातला कोणता आधीच पडलेला होता आणि कोणता त्यानं पाडला, हे सांगणारं कुणी उरलं नाही. मॅनेजरनं तेवढ्यात ठरवूनही टाकलं होतं. "काका एमसीबी पाडायला विसरले. वय झालं ना."

मी वर चढले. डब्याचं झाकण उघडं लोंबत होतं. वरती माझं लेबल, वाय-तीन. पिवळी तार नीट बाजूला वळवलेली. काळीचा जोड सोडलेला, एक टोक खाली लोंबणारं. भिंतीवरचे चार दिवे गेले होते, असं ती मुलगी म्हणाली होती ना? मा माय वं. घोड्याला धरून उभी राहिले. खालून मॅनेजर विचारत होता, "काय झालंय मॅडम?"

"जोड सैल होता," मी म्हटलं.

ते वाक्य माझ्या तोंडून निघालं, दुसऱ्या कुणाच्या नाही. खोटंही नव्हतं, जोड सैल होताच. म्हणून तर दिवा फडफडत होता. मग मी तीन तास काम केलं. डीबीपासून भिंतीच्या कडेनं प्लास्टिकची पोकळ पट्टी ठोकली, बी-दोनची स्वतंत्र काळी त्यातून नेली, वाय-तीनच्या डब्यातून उसनी तार काढून टाकली. प्रत्येक टोकावर लेबल. तसं ठेवून जाता येत नव्हतं, उद्या कुणी मेलं असतं, हे खरं. आणि मला ते झाकायचं होतं, हेही तितकंच खरं. मोबाइल खिशात होता. हात लावण्याआधी उघड्या डब्याचा एक फोटो काढता आला असता. सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं, काढला नाही.

घरी जेवताना नवऱ्याला सांगितलं. तो कोराडीच्या वीजकेंद्रात कंत्राटी कामावर असतो, कोळशाच्या पट्ट्यावर. तिथं असल्या गोष्टी त्यानं पाहिल्या आहेत. तो जेवता जेवता थांबला आणि म्हणाला, "कुणाले सांगितलं?"

"कुणालेच नाही."

"मग सांगूबी नको. लायसन जाईन तुह्यं. माणूस वाचला ना? मग झालं."

"झालं म्हणजे? त्यांच्या माथी मारून राहिले ना ते!"

"मारू दे. त्यायचं वय झालं, दोन वर्षांत तसेही घरी बसणारच होते."

मी ताट सरकवून उठले. भांडं इतक्या जोरात आपटलं की शेजारीण डोकावली. पण राग त्याचा नव्हता. तो जे बोलत होता तेच मी दुपारपासून स्वतःला सांगत होते, म्हणून राग आला.

आठवड्यानं काकांना भेटायला गेले. मनगट मोडलं होतं, कंबरेच्या हाडाला मार होता, उजव्या हाताची दोन बोटं काळीनिळी. दवाखान्यातून घरी आणलं होतं, ओसरीत खाट टाकली होती. काकींनी चहा ठेवला. काकांनी मला पाहिलं, हसले, आणि काकी आत गेल्याबरोबर खालच्या आवाजात म्हणाले, "पोरी, तू तिथं जाऊन पाहिलं ना? मले खरं सांग. मी तो वाय-तीन पाडला होता का नाही?"

मी पिशवीतली फळं काढून खाटेवर ठेवू लागले.

"मले आठवते, पाडला. बोटानं पाडला, टक् वाजलं. मंग वर चढलो, पिवळ्याले टेस्टर लावला, लागला नाही. असं सारं डोळ्यापुढं दिसते. पण सारेच म्हणून राहिले का नाही पाडला. मंग शॉक कसा लागला? पाडला असता तर लागला असता का?" त्यांनी चांगल्या हातानं कपाळ चोळलं. "मले वाटते, आदल्या दिवशीचं आठवत असन. डोक्सं चालत नाही वं आता."

मी त्या खाटेजवळ बसले होते आणि माझ्या तोंडात उत्तर होतं. पाडला होता काका, तुम्ही सगळं बरोबर केलं. एवढं एकच वाक्य. काकी चहा घेऊन आल्या. मी चहा प्याले, बशीत सांडला तेवढाही प्याले, आणि "येते पुन्हा" म्हणून निघाले. मला स्वतःची अशी किळस आयुष्यात कधी आली नव्हती.

महिन्याभरात कळलं, काकांना कामावरून काढलं. विसरभोळा माणूस विजेच्या कामावर ठेवता येत नाही, असं मॅनेजरचं म्हणणं. तोही चुकत नव्हता. त्याला जे माहीत होतं त्यावर तो बोलत होता. मग मात्र माझं डोकं फिरलं. नवऱ्याला विचारलंसुद्धा नाही. सरळ ऑफिसात गेले आणि मॅनेजरसमोर उभं राहून सगळं सांगितलं. उसना न्यूट्रल, पूजा, लेबल न लावणं, आणि नंतर गुपचूप दुरुस्त करणं. लायसन गेलं तर जाऊ दे म्हटलं.

त्यानं शांतपणे ऐकलं. मला पाणी दिलं. मग त्यांच्या इंजिनिअरला बोलावलं. इंजिनिअर घोड्यावर चढला, डबा उघडला, वाय-तीन पाडून तपासलं, बी-दोन पाडून तपासलं. पाऊण तास. खाली उतरून हात झटकत म्हणाला, "एकदम क्लिअर आहे सर. सगळं वेगळं वेगळं, सगळ्यावर लेबल. इतकं साफ काम मी पाहिलं नाही."

"अहो, ते आता आहे! आधी नव्हतं, सांगते ना मी!"

मॅनेजर माझ्याकडं कीव आल्यासारखा बघत होता. "मॅडम, काकांबद्दल तुम्हाला वाटतं ते समजतं मला. तुमचं मन मोठं आहे. पण असं स्वतःवर ओढून घेऊ नका." आणि मला दारापर्यंत सोडायला आला.

मी जिन्यात बसून रडले. सव्वीस वर्षांत माझं कुठलंच काम कुणाला खोटं वाटलं नव्हतं, आणि आता माझंच काम मला खोटं पाडत होतं.

राहिले काका. मॅनेजरचं जाऊ द्या, काकांना तर कळायला हवं होतं. नोकरी परत मिळवून देणं माझ्या हातात नव्हतं, पण त्यांचं डोकं ठिकाणावर आहे, हे त्यांना पटवून देणं होतं. मी घरी प्लायवूडच्या एका तुकड्यावर दोन एमसीबी बसवले, दोन होल्डर, दोन बल्ब. एक लाइन पिवळी, एक निळी, आणि परतीची काळी दोघींत एक. जसं त्या छतात होतं अगदी तसं. ते पिशवीत घालून रविवारी काकांच्या गावी गेले.

काका आता वॉकर घेऊन चालत होते. ओसरीतच मांडलं सगळं. काकी दाराशी उभ्या राहून बघत होत्या. प्लग लावला, दोन्ही बल्ब पेटले.

"काका, आता पिवळ्याचा पाडा तुम्ही."

त्यांनी पाडला. टक्. पिवळ्या लाइनीचा बल्ब गेला. मी टेस्टर दिला, त्यांनी पिवळ्या तारेला लावला. लागला नाही. मग लाकडी पाटावर उभी राहून, इन्सुलेटेड पक्कडीनं मी काळीचा जोड सोडला. निळ्या लाइनीचा बल्ब गेला. सुटलेल्या टोकाला टेस्टर लावला, तर टेस्टर पेटला, लालभडक.

"दिसलं?" मी म्हटलं. "हेच झालं काका. तुम्ही वाय-तीन पाडला होता. तुम्ही टेस्टर लावला होता. तुम्ही काहीच विसरले नाहीत. हे मी केलं होतं, उद्घाटनाच्या दिवशी, घाईत. आणि लेबल लावलं नाही. आणि मंग तुमी पडल्यावर गुपचूप दुरुस्त केलं, कोणाले सांगितलं नाही. माफ करा मले." शेवटी मीही त्यांच्याच बोलीत आले, ते मला नंतर कळलं.

काका वाकून त्या बोर्डाकडं बघत राहिले. एका बोटानं काळी तार इकडून तिकडं पाहिली. जाणकार माणूस, एका नजरेत कळलं त्यांना.

"हाव," ते म्हणाले. "असं होते. उसन्या न्यूट्रलनं असंच होते. मी पाहिलं आहे, पहिले एका गोडाऊनमंदी."

मला हायसं वाटलं. फार थोडा वेळ.

"पण तू नाही करत असं." ते माझ्याकडं बघून हसले, अगदी मायेनं. "तुह्या डब्यात असं नाही राहत वं. मी काय पाहिलं नाही का तुह्यं काम? म्हाताऱ्याचं मन राखाले इतकं सामान घेऊन आली तू. पोटच्या पोरीनंबी नसतं केलं असं."

"काका, खरं सांगते! माझ्या लेकराची शपथ!"

"नको वं, लेकराची शपथ नको घेऊ. अशी खोटी शपथ घेत नसतेत." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "झालं गेलं. इसरलो असन मी. वय झालं."

काकी डोळ्यांना पदर लावून आत जायला निघाल्या. तेवढ्यात काका एकदम दचकले. "चहाचा गॅस बंद केला का?"

"केला ना जी. मघाच केला," काकी दमून म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून, "दिवसातून वीसदा इचारतेत. रातीले उठून पाहतेत."

काका वॉकर टेकत उठलेच. मी मदतीला गेले तर हात झटकला. सैपाकघरात जाऊन शेगडीसमोर उभे राहिले, वाकून बटणाकडं बघितलं, हात लावला, फिरवून चालू केलं, परत बंद केलं. पुन्हा हात लावला. तसेच उभे राहिले. मग मला हाक मारली.

"पोरी, इकडं ये. तू पाह्य आणि सांग. बंद आहे ना?"

मी जाऊन पाहिलं. "बंद आहे, काका."

"तू सांगतलं, मंग झालं," ते म्हणाले, आणि निश्चिंत होऊन खाटेकडं परत निघाले.